बिनसेलचा रेडिओ आणि गाभण मेनुर

म्बाह गिमानच्या अंगणात रोज दुपारी चार वाजता दीडशे माणसं एका रेडिओकडे तोंड करून बसत. रेडिओ उशीवर ठेवलेला असे. उशीला नक्षीची खोळ होती. आमच्या करांगसारी गावात पाहुण्यालासुद्धा एवढी चांगली उशी मिळत नाही. आमच्याकडे म्हाताऱ्याला मानाने म्बाह म्हणतात, पुरुषाला पाक आणि बाईला बू.

रेडिओ जुना, चौकोनी, म्बाहच्या वडिलांच्या वेळचा. म्बाह त्याचं मागचं, सेलच्या खणाचं झाकण उघडून सगळ्यांना दाखवत. आत सेल नाहीत. वायर नाही. खणात एक कोळी राहत होता, तो मात्र खरा होता. मग म्बाह उदबत्ती लावत, डोळे मिटत, आणि रेडिओ बोलू लागे.

"मी केंदित आजोबा," असा आवाज येई. हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा.

केंदित म्हणजे आमचा डोंगर. आम्ही त्याच्या अंगावर राहतो, त्याचं गवत कापतो, त्यावर गायी पोसतो, आणि तो मधूनमधून धूर सोडून आठवण करून देतो की घरमालक कोण आहे. एवढा मोठा डोंगर आपल्याशी बोलतोय म्हटल्यावर लोक हरखले. उशीपुढे फुलं आली, उकडलेली अंडी आली, आंबवलेल्या सोयाबीनचं तळलेलं तेंपे आलं. एका भाविकाने चार नवे सेल वाहिले. म्बाहनी ते फार घाईने उचलून आत नेले.

"फोनवर शंभर बातम्या, शंभर भांडणं," म्बाह समजावत. ते पूर्वी बँडमध्ये ढोल वाजवायचे, त्यामुळे बोलताना हात थांबत नसत. "सकाळी दोन तास धार, मग गवत, मग पुन्हा धार. तुम्हाला वेळ कुठाय बाबांनो, खरं-खोटं बघायला? दहा मिनिटं इथे बसा. आजोबा डोंगरावर उभे आहेत. त्यांना इथूनही दिसतं आणि पलीकडूनही दिसतं. त्यांच्यापेक्षा उंच वार्ताहर कुणाकडे आहे?"

यात खोट काढणं अवघड होतं. आम्हाला खरंच वेळ नव्हता. आणि आजोबांना खरंच दिसत असावं. घाटात बस उलटली ते आजोबांनी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात ते खरं निघालं. कोबीचा भाव पडेल म्हणाले, पडला. पाक तुलुसच्या शेळीला जुळं होईल म्हणाले. एकच करडू झालं. पाक तुलुस अजून दुसरं शोधतोय.

मी, विनार्सिह, घरात विन, आठ घरांचं दूध मोटरसायकलवरून संकलन केंद्रावर नेते. मी अंगणात मागच्या रांगेत बसायची, कारण मागच्या रांगेत तेंपे पोचायचं ते गार होऊन, आणि गार तेंप्याला कुणी हात लावायचं नाही.

बुधवारी आजोबांचा आवाज एकदम खाली गेला.

"येत्या शुक्रवारी, शुक्रवार क्लिवोनला, माझं पोट उघडेल. जनावरं वाचवा. जो भाव मिळेल त्याला द्या. राखेला भाव नसतो."

एक म्हातारी हळूच म्हणाली, "पण या शुक्रवारी तर पोन आहे."

आमच्याकडे सात वारांच्या जोडीने बाजाराचे पाच वार चालतात. शुक्रवारी क्लिवोन आला की तो दिवस जड, शुक्रवारी पोन आला की तो नुसता शुक्रवार. हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. डोंगराला ते ठाऊक नसावं, हे जरा विचित्रच होतं.

म्बाह अडखळले नाहीत. "आजोबांचं पंचांग तुमच्या-आमच्यासारखं आहे का? ते किती वर्षं जगताहेत. त्यांचं थोडं मागेपुढे होणार."

लोकांनी मान डोलावली. पाक दार्सो गुरांचा व्यापारी. गेले दोन आठवडे त्याचा ट्रक म्बाहच्या घरामागे बांबूच्या आडोशाला उभा असायचा. तो त्या दिवशी फारच दुःखी चेहऱ्याने सगळ्यांना भेटला. "मलाही काय करायच्यात एवढ्या गायी," तो म्हणाला. "पण तुमची अडचण बघवत नाही. अर्ध्या भावात घेईन."

त्या रात्री बुदे सुमिनी जेवली नाही. बुदे म्हणजे माझी मोठी मावशी. मला तिनेच वाढवलं. सकाळी उठून बघते तर ती मेनुरच्या पाठीवरून गरम पाण्याचा फडका फिरवत होती. मेनुर आमची एकुलती गाय, आठ महिन्यांची गाभण.

"एवढं अंग पुसून झालं की तिला सजवते," बुदे म्हणाली. "चारला दार्सोकडे द्यायची."

"तिला आठवा आहे बुदे. त्या ट्रकच्या फळ्यांवर उभी करून घाट उतरवणार तिला?"

"राखेत उभी करू?"

"डोंगर फुटणार हे कशावरून?"

"आजोबा म्हणाले."

"आजोबांना शुक्रवार मोजता येत नाही."

बुदेने फडका पिळला. तो आधीच कोरडा होता. "तुझ्या पाकदेंना कुणीतरी सांगितलं होतं की डोंगर शांत झालाय. ते म्हणाले, जाऊन धार काढून येतो, जनावरं तटतटली असतील. गेले. मी ते ऐकलं आणि थांबवलं नाही. आता कुणी म्हणालं डोंगर फुटणार, तर मी ऐकायचं नाही?"

बारा वर्षं झाली त्याला. पाकदे, म्हणजे बुदेचा नवरा, परत आले नाहीत, तीन गायीही नाहीत. मी तेव्हा दहा वर्षांची. ते 'कुणीतरी' कोण होतं, हे आजही गावात कुणाला माहीत नाही. मी कॅन उचलल्या आणि निघाले.

संकलन केंद्रावर रांग होती. दूध तपासायला बू रुस्मी. पंधरा वर्षं त्या तिथे उभ्या आहेत, पांढरा कोट, खिशात लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात पाणी आहे का ते सांगणारी काचेची काडी. त्यांच्यासमोर कॅन उघडताना भलेभले शर्टाची बटणं नीट करतात.

"काय गं विन," त्या म्हणाल्या, "दुधाला डिग्री नेहमीची लागतेय, तुझ्याच तोंडाला कमी लागली."

"बुदे मेनुरला विकतेय."

"का?"

"रेडिओ म्हणाला."

"कुठला?"

"बिनसेलचा."

बू रुस्मींनी पुढची कॅन ओढली. "ही कुणाची?"

"सतरा नंबर. पाक तुलुसची."

"कधीचं दूध?"

"आज पहाटे पाचचं."

"पाक तुलुस म्हणतो चांगलं आहे. ओतून घेऊ?"

"नाही. तुम्ही काडी टाकून बघणार."

"वेळ किती लागतो?"

"मिनिटभर."

"तुझ्या गावात दीडशे माणसं रोज दहा मिनिटं त्या उशीसमोर घालवतात. एक मिनिट कुणी काडी टाकली नाही." त्यांनी काडी टाकली, वाचली, वहीत लिहिली. "जी कॅन कुणाची ते माहीत नाही, कधीची ते माहीत नाही, ती मी घेत नाही. दारात तुमचे गावप्रमुख उभे राहिले तरी घेत नाही. आता सांग, डोंगर फुटणार हे कुणी बघितलं? कधी बघितलं? दुसरं कोण तेच म्हणतंय?"

"आजोबांनी. मागेपुढे. आणि दार्सो."

"फोन दे माझा. तो खुर्चीवरचा."

पहिला फोन त्यांनी निरीक्षण चौकीला लावला. केंदितवर नजर ठेवायला सरकारने तिथे माणसं बसवली आहेत. चौकी गावापासून चार किलोमीटरवर, तरी मी तिथे कधी गेले नव्हते. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून बू रुस्मींनी फोनचा आवाज मोठा केला.

"हार्यो बोलतोय. पहिली पातळी, म्हणजे नेहमीसारखं. गेल्या सहा तासांत बारीक हादरे चार. सकाळी सहाचा अहवाल, मीच लिहिलाय."

"उद्या फुटेल का रे?"

"बू, मला उद्याचं कळत नाही. मला सकाळी सहापर्यंतचं कळतं. बाराला फोन करा, बारापर्यंतचं सांगेन. पातळी वाढली तर आम्हीच भोंगा वाजवू."

फोन ठेवल्यावर रांगेतला एकजण म्हणाला, "याला तर काहीच माहीत नाही."

"आणि ते तो स्वतःहून सांगतो," बू रुस्मी म्हणाल्या. "तुझ्या रेडिओने आजवर कधी 'मला माहीत नाही' म्हटलंय?"

दुसरा फोन डोंगराच्या पलीकडच्या उतारावरच्या संकलन केंद्राला. तिथे बू पार्ती दूध तपासतात. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्या सुरू झाल्या. "तुमच्याकडेही आला का तो? इथे चार आठवड्यांपूर्वी आला होता. इथे एका विहिरीतून बोलायचा. शुक्रवार क्लिवोनला फुटणार म्हणाला. बत्तीस गायी गेल्या अर्ध्या भावात. शुक्रवारी साधी शिंक आली नाही डोंगराला. ट्रक निळा, दारावर वाघ."

दार्सोच्या ट्रकच्या दारावर वाघ आहे. वाघाखाली लिहिलंय, 'सर्व जनावरे घेतो, कधीही फोन करा', आणि नंबर.

मी बोटांवर मोजलं. चार आठवड्यांपूर्वीचा शुक्रवार बरोबर क्लिवोनचा होता. म्हणजे आजोबांचं पंचांग चुकलं नव्हतं. आजोबा चार आठवडे शिळे होते. तिकडे वाजवलेलं तेच बोलणं इकडे पुन्हा वाजवलं होतं, आणि वार बदलायचा कंटाळा केला होता.

"पण बस उलटली ते कसं कळलं त्याला?" मी विचारलं.

"बस किती वाजता उलटली?"

"अकराला."

"आणि आजोबा चारला बोलले. जिल्ह्याच्या रेडिओने बाराला सांगितलं, मी इथेच ऐकलं. सेल घातलेल्या रेडिओवर." त्यांनी पुढची कॅन ओढली. "आणखी एक. हा आजोबा कुठल्या दिवशी गप्प होता का?"

"सोमवारी. सोमवारी त्यांचा उपास होता."

"आणि ट्रक?"

"ट्रक घाटात पंक्चर होता."

हे म्हणताना माझंच तोंड उघडं राहिलं. दोन फोन, चार मिनिटं. रांग तीन कॅन पुढे सरकली होती.

गुरुवारी चारला अंगणात दोनशे माणसं होती. नऊ गायी ट्रकमध्ये चढल्या होत्या. बुदे मेनुरची दोरी धरून कुंपणापाशी उभी होती. मेनुरच्या गळ्यात फुलांची माळ होती, आणि मेनुर ती खात होती. लुराह, म्हणजे आमचे गावप्रमुख, पहिल्या रांगेत बसले होते. ट्रक आज गायी चढवायला अंगणाच्या कडेला आणला होता, आणि दार्सो केबिनमध्ये काच वर करून विश्रांती घेत होता.

रेडिओ सुरू झाला. "मी केंदित आजोबा. वेळ थोडा उरला आहे..."

फाटकातून बू रुस्मी आत आल्या, पांढऱ्या कोटातच. त्या थेट उशीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आजोबा, आज पाच वारांतला कुठला वार?"

"...माझं पोट तापलं आहे," आजोबा म्हणाले.

"ते ऐकलं. वार कुठला?"

"...लेकरांनो, मोह सोडा," आजोबा म्हणाले.

म्बाहचे हात उडू लागले. "आजोबांना मध्येच प्रश्न विचारायचे नसतात."

"का? दमतात?"

लुराहनी घसा साफ केला. आमच्याकडे मोठ्यांचा चारचौघांत अपमान करत नाहीत, आणि बू रुस्मी ते धडधडीत करत होत्या. "बू," लुराह म्हणाले, "तुम्ही दूध तपासता. दूध तपासावं."

"पंधरा वर्षं तेच केलं, पाक लुराह. या गावाने पंधरा वर्षांत पाणी घातलेलं दूध किती वेळा माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला ते वहीत आहे, नावानिशी. आज वही आणलेली नाही. फक्त फोन आणलाय."

पुढच्या दोन रांगांनी एकदम माना खाली घातल्या.

बू रुस्मींनी ट्रकच्या दारावरच्या वाघाकडे बघत एकेक आकडा दाबला आणि फोन कानाला लावला.

रेडिओतलं बोलणं तुटलं. क्षणभर काहीच नाही. मग केंदित आजोबांच्या पोटातून ढोलकी वाजली, बासरी वाजली, आणि एक बाई लाडिक आवाजात गाऊ लागली, की तू मला सोडून शहरात का गेलास. लग्नात नाचायला लावतात ते गाणं. एका आजीने सवयीने मान हलवली.

केबिनच्या काचेआड दार्सो फोनशी झटापट करताना दिसला. त्याने घाईघाईत बोट दाबलं. गाणं थांबलं. फोन बंद करायच्या ऐवजी त्याने उचलला होता.

"पाक दार्सो," बू रुस्मी फोनमध्ये म्हणाल्या, "एक गाय विकायची आहे."

"पाक दार्सो, एक गाय विकायची आहे," रेडिओ बू रुस्मींच्या आवाजात म्हणाला.

दोनशे माणसांनी आधी बू रुस्मींकडे बघितलं, मग रेडिओकडे, मग परत बू रुस्मींकडे.

"गाय गाभण आहे," बू रुस्मी म्हणाल्या.

"गाय गाभण आहे," केंदित आजोबा म्हणाले.

मी पुढे झाले आणि रेडिओ उचलला. म्बाहनी उशी उचलली, ती का ते त्यांनाच ठाऊक. पाक तुलुसने खिशातून चाकू दिला, त्याने मी रेडिओचं पोट उघडलं. आत रेडिओ नव्हताच. जुनं यंत्र काढून तिथे फोम कोंबला होता आणि फोममध्ये मुठीएवढा काळा ब्लूटूथ स्पीकर, निळा दिवा लुकलुकत. तो स्वतःच्या बॅटरीवर चालतो, दार्सो केबिनमध्ये बसून फोनवरचं भरलेलं बोलणं लावतो, दहा-बारा पावलांवर ते इथे वाजतं. ट्रक पंक्चर असला की आजोबांचा उपास. फोनवर फोन आला की आजोबांना गाणं येतं. हा स्पीकर तालुक्याच्या बाजारात पोरं सायकलला लावतात.

कोळी मात्र खरंच तिथला होता. तो निघून गेला.

"यंत्र खोटं असेल," म्बाह म्हणाले, उशी छातीशी धरून, "पण संदेश खरा असू शकतो."

"मग तो संदेश तुमच्या तोंडाने सांगा," बू रुस्मी म्हणाल्या. "तुमचं नाव लावून. आत्ता. मी लिहून घेते."

म्बाहनी नाव लावलं नाही.

दार्सोने ट्रक चालू केला, पण मागे दोनशे माणसांच्या मोटरसायकली उभ्या होत्या. त्याला खाली उतरून लोकांना हात जोडून विचारावं लागलं की जरा गाड्या बाजूला घेता का. लोकांनी घेतल्या. सगळ्या नव्हेत. आधी ट्रकची फळी खाली पाडली आणि एकेक गाय उतरवली. एका शेतकऱ्याने मात्र आपली गाय उतरवायला नकार दिला. तो म्हणाला, व्यवहार ठरला म्हणजे ठरला, आणि उद्या काय होईल कुणी सांगावं. त्याच्या बायकोने गाय उतरवली.

बुदे मेनुरची दोरी माझ्या हातात देऊन दार्सोसमोर जाऊन उभी राहिली. ती त्याच्या खांद्याला लागते. तिने आवाज चढवला नाही.

"तू मला घाबरवलंस," ती म्हणाली. "मी घाबरणारी आहे. या डोंगराला न घाबरणारा माणूस मी गाडलाय, गाडायलाही पुरता मिळाला नव्हता. मला घाबरवायचं असेल तर खरं सांगून घाबरव. मी लगेच घाबरेन, सगळं टाकून पळेन. पण आज तुझ्यामुळे मी पळाले असते, आणि ज्या दिवशी खरा भोंगा वाजेल त्या दिवशी म्हणाले असते, जाऊ दे, मागेही असंच म्हणाले होते. तू माझी गाय नेत नव्हतास. तू माझे कान नेत होतास."

त्या संध्याकाळी तालुक्याचे पोलीस येऊन दार्सोला घेऊन गेले. म्बाह सोबत गेले. उशी राहिली.

शुक्रवारी पोनला डोंगराने काही केलं नाही. पण मला ते महत्त्वाचं वाटत नाही, आणि तुम्हीही त्याला महत्त्व देऊ नका. समजा शुक्रवारी योगायोगाने धूर निघाला असता, तरी तो रेडिओ खोटाच होता. नेम नसताना मारलेला दगड एखादवेळी आंब्याला लागतोच. आजोबांच्या लागलेल्या गोष्टी आम्ही घरोघर सांगितल्या आणि चुकलेल्या विसरलो. पाक तुलुस एकटा विसरला नाही, तो अजून करडू शोधतोय.

लोक विचारतात, मग आम्ही काय दिवसभर बातम्या तपासत बसायचं? नाही. आमच्याकडे आता संकलन केंद्रावर एक फळा आहे. चौकीचा सकाळी सहाचा अहवाल त्यावर लिहिलेला असतो, ज्याने लिहिला त्याच्या नावासकट आणि वेळेसकट. जिल्ह्याच्या रेडिओच्या दोन-तीन ओळी असतात. गावात काही नवं उठलं तर तेही लिहायचं, पण कुणी बघितलं ते लिहायचं. तो रकाना रिकामा असेल तर पुसायचं. दुधाची रांग सरकेपर्यंत वाचून होतं. पाच मिनिटं. पहिल्या आठवड्यात गावातल्या तेरा बातम्या आल्या, अकरा पुसल्या. उरलेल्या दोन लग्नाच्या होत्या.

वेळ नाही, हे आम्ही रोज चार वाजता म्हणायचो, उशीसमोर बसून. वेळ होता. विचारायची लाज होती. 'कशावरून' विचारलं की समोरच्याचा अपमान होतो असं आम्हाला लहानपणापासून शिकवलं. होऊ दे अपमान. ज्याची बातमी खरी असते तो या प्रश्नाने चिडत नाही, तो हार्योसारखा वेळ आणि आकडा सांगतो. जो चिडतो, त्याच्या घरामागे ट्रक उभा आहे का बघा.

पाच आठवड्यांनी खरा भोंगा वाजला. मेनुरचं वासरू तेव्हा चार दिवसांचं होतं. बुदेने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि चौकीला फोन लावला.

"कोण बोलतंय? कधीचं बघितलं?"

"हार्यो. सव्वासहाचं. पातळी तीन. गाव खाली न्या."

"फळ्यावर काय आहे गं?" तिने मला विचारलं. मी केंद्रावर उभी होते, तिने मला दुसऱ्या फोनवर धरून ठेवलं होतं.

"बू रुस्मींनी तेच लिहिलंय. जिल्ह्याचा रेडिओही तेच म्हणतोय."

"बरं," बुदे म्हणाली. मग तिने वासरू खांद्यावर घेतलं, मेनुरची दोरी खुंट्यावरून सोडली आणि तिला घेऊन गावात सगळ्यांच्या आधी उतार धरला.